हेअरवुडचा वाडा आणि आपला हिशेब

यंदा एप्रिलमध्ये इंग्लंडमधल्या एका बुद्धविहारात जयंतीच्या कार्यक्रमाला जाण्याचा योग आला. लंडनमध्ये १०, किंग हेन्रीज रोडवरचे बाबासाहेबांचे घर पाहिले. १९२१-२२ च्या काळात ज्या घरात राहून बाबासाहेब अभ्यास करत होते, तिथे उभे राहिल्यावर काय वाटते हे अनेकांनी लिहिले आहे, त्यामुळे आम्ही पुन्हा लिहीत नाही. लिहायचे आहे ते दुसऱ्याच एका घराबद्दल. ते घर लंडनपासून बरेच लांब, यॉर्कशायरमध्ये आहे आणि आपल्याकडचे लोक सहसा तिथे जात नाहीत.

लीड्समध्ये आमचा एक धाकटा मित्र शिकतो. मूळचा यवतमाळ जिल्ह्यातला, राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर आलेला. तो म्हणाला, "दादा, बिग बेन काय सगळेच बघतात. तुम्हाला एक वाडा दाखवतो. बघा आणि मग बोला." म्हणून आम्ही चौघे जण ३६ नंबरच्या बसने लीड्सहून हेअरवुडला गेलो. अर्ध्या तासाचाही प्रवास नाही.

सुंदर गाव कोणी बांधले?

हेअरवुड हे गाव पहिल्या नजरेत कोणालाही आवडेल. हॅरोगेटकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला काळपट दगडी घरांची सरळ रांग, सगळी एका मापाची, एका घडणीची. समोर वाड्याचे मोठे प्रवेशद्वार. कुठे कचरा नाही, आरडाओरडा नाही. आमच्यातले एक जण म्हणाले, "याला म्हणतात आदर्श गाव. आपल्याकडे नुसत्या योजना."

आमच्या मित्राने तिथेच थांबवले. म्हणाला, "हे गाव गावकऱ्यांनी वसवलेले नाही. जुने गाव आत चर्चजवळ होते. मालकाने अठराव्या शतकात नवा वाडा बांधला, भोवती बाग हवी होती, म्हणून गाव बाहेर काढून दारासमोर नवीन बांधले."

ते खरे आहे. एडविन लॅसेल्स या जमीनदाराने १७५९ मध्ये वाड्याचे बांधकाम सुरू केले. वास्तुरचनाकार यॉर्कचा जॉन कार, आतली सजावट रॉबर्ट ॲडमची, फर्निचर थॉमस चिपेंडेलचे, बाग आणि तळे 'कॅपेबिलिटी' ब्राउनचे. त्या काळातली ही सगळ्यात मोठी नावे. १७७१ पर्यंत वाडा राहण्याजोगा झाला. आधीची गॉथॉर्प हॉल नावाची जुनी हवेली पाडली. गावाची नवी घरेही जॉन कारनेच आखली. जुने ऑल सेंट्स चर्च मात्र जागेवर राहिले. ते आज बागेत झाडांमध्ये एकटे उभे आहे. आत जुन्या जमीनदारांच्या आणि त्यांच्या बायकांच्या संगमरवरासारख्या दगडात कोरलेल्या झोपलेल्या मूर्ती आहेत. ज्या गावासाठी चर्च होते, ते गाव तिथे नाही.

म्हणजे आम्ही ज्याला आदर्श गाव म्हणत होतो, ती मालकाच्या खिडकीतून बरी दिसावी अशी केलेली मांडणी होती. गंमत अशी की याच इस्टेटीवर आज आणखी एक गाव आहे आणि ते तर पूर्ण खोटे आहे. 'एमरडेल' नावाच्या लोकप्रिय टीव्ही मालिकेचा गावाचा सेट १९९० च्या दशकाच्या अखेरीस इथे उभारला. इंग्लंडमधले लाखो लोक 'आपले जुने खेडे' म्हणून ते घराघरात बघतात.

खेड्याबद्दलचे हे प्रेम आपल्याला नवे नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना स्पष्ट सुनावले होते. खेडे म्हणजे संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयतेचे आगर, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता, आणि म्हणूनच राज्यघटनेने गावाऐवजी व्यक्तीला एकक मानले याचे त्यांनी समर्थन केले. इंग्लंडच्या खेड्यात महारवाडा नव्हता हे खरे. पण खेडे कोणाच्या मर्जीने बसते आणि कोणाच्या मर्जीने उठते, हा प्रश्न तिथेही विचारावा लागतो. समाजशास्त्राच्या वर्गात 'ग्रामीण समुदाय' या प्रकरणात आम्हाला एकजिनसीपणा, आपलेपणा असली लक्षणे पाठ करायला लावली होती. मालकीचा प्रश्न त्यात नव्हता. हेअरवुडच्या रस्त्यावर तो धडा आम्हाला आठवला.

साखरेचा पैसा

आता मुख्य प्रश्न. एवढा पैसा आला कुठून?

लॅसेल्स घराण्याचा हेन्री नावाचा माणूस अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटावर व्यापारी होता आणि तिथल्या ब्रिजटाउन बंदरात जकात अधिकारीही. साखर, रम, गुलामांचा व्यापार, गुलामांच्या जहाजांमध्ये गुंतवणूक आणि मळेवाल्यांना कर्ज, असा त्याचा पसारा होता. त्या पैशातून त्याने १७३० च्या दशकाच्या अखेरीस हेअरवुडची इस्टेट घेतली. वाडा बांधणारा एडविन हा त्याचा मुलगा. पुढे कर्ज बुडवणाऱ्या मळेवाल्यांचे मळे माणसांसकट या घराण्याच्या ताब्यात आले. आपल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. सावकार कर्ज देतो, मग जमीन घेतो, हे आपण पाहिले आहे. तिथे जमिनीबरोबर माणसेही वहीत लिहिलेली असत, एवढाच फरक.

१८०७ ची एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. त्या वर्षी ब्रिटिश संसदेने गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा केला. लगेच निवडणूक झाली. यॉर्कशायरमध्ये दोन जागांसाठी तीन उमेदवार होते. एक विल्यम विल्बरफोर्स, ज्यांनी त्या कायद्यासाठी आयुष्य वेचले. दुसरे लॉर्ड मिल्टन. आणि तिसरा याच घराण्याचा हेन्री लॅसेल्स. पैसा पाण्यासारखा वाहिला, गुलामीचा प्रश्न प्रचारात आला आणि लॅसेल्स दोनशेच्या आत मतांनी पडला. स्वतःच्या जिल्ह्यात, स्वतःच्या वाड्याच्या सावलीत पडला. इंग्लंडमधल्या सामान्य माणसांनी, विणकरांनी, स्त्रियांनी साखरेवर बहिष्कार घालून, सह्यांचे अर्ज पाठवून ही चळवळ चालवली होती. कॅरिबियनमध्ये गुलामांनी स्वतः उठाव केले होते. वरच्यांच्या मनाला पाझर फुटला म्हणून गुलामी गेली, असे कोणी सांगत असेल तर ते अर्धवट आहे.

भरपाई कोणाला मिळाली?

१८३३ मध्ये ब्रिटिश साम्राज्यातल्या बहुतेक वसाहतींमधली गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा झाला. त्यासाठी सरकारने २ कोटी पौंड भरपाई मंजूर केली. सरकारच्या वर्षाच्या खर्चाच्या सुमारे ४० टक्के एवढी ती रक्कम होती. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हप्ता ब्रिटिश सरकारने २०१५ मध्ये फेडला.

ही भरपाई गुलामांना मिळाली नाही. ती मालकांना मिळाली. निवडणूक हरलेला तो हेन्री आता हेअरवुडचा दुसरा अर्ल झाला होता. त्याला १,२७७ माणसांबद्दल २६ हजार पौंडांहून जास्त रक्कम मिळाली. त्या १,२७७ माणसांना काय मिळाले? १८३८ पर्यंत 'उमेदवारी' या नावाखाली त्याच मालकाकडे बिनपगारी काम. त्यानंतर मळ्यांना मजूर कमी पडू लागले, तेव्हा हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर जहाजात भरून नेले. मॉरिशसलाही हाच कायदा लागू झाला होता, आणि तिथे गेलेल्या मजुरांमध्ये आपल्या कोकणातली माणसेही होती. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात.

हे वाचून कोणी म्हणेल, काय ते इंग्रज! थांबा. आपल्या घरात काय झाले ते बघू.

महार वतन म्हणजे काय, हे नव्या पिढीला नीट माहीत नसते. थोडीशी वतनी जमीन आणि बलुते, आणि त्याच्या बदल्यात गावाची आणि सरकारची रात्रंदिवस वेठ. घरातला एक कामाला गेला नाही तर दुसऱ्याने जायचे, बाप आजारी असेल तर पोराने. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. ते तडीस गेले नाही. शाहू महाराजांनी मात्र १९१८ मध्येच करवीर संस्थानात महार वतने रद्द करून जमिनी रयतावा केल्या होत्या. मुंबई राज्यात कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडले. तोवर बाबासाहेब आपल्यात नव्हते.

त्या कायद्यात काय होते? वतनाची जमीन सरकारजमा. ज्या वतनदाराला ती परत हवी, त्याने आकारणीच्या पटीत कब्जाहक्काची रक्कम भरायची आणि जमीन नव्या शर्तीवर घ्यायची. म्हणजे पिढ्यानपिढ्या ज्यांनी त्या तुकड्यासाठी वेठ केली, त्यांनीच तो तुकडा पैसे भरून परत घ्यायचा. आणि त्याच काळात जहागिरी रद्द झालेल्यांना कायद्याने भरपाई होती, संस्थानिकांना १९७१ पर्यंत तनखे होते.

ब्रिटिश संसदेने मालकाला पैसे दिले आणि गुलामाला काही दिले नाही. आपल्या स्वतंत्र देशात मालकाला पैसे दिले आणि वेठ करणाऱ्याकडून घेतले. यातले जास्त वाईट कोणते, हे वाचकांनी ठरवावे. बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करताना दाखवून दिले होते की गुलाम ही मालकाची मालमत्ता असल्याने त्याला जगवण्यात मालकाचा स्वार्थ तरी असतो. अस्पृश्याला जगवण्याची जबाबदारी कोणावरच नसते. या कायद्यांच्या हिशेबात आम्हाला तेच दिसते.

पाटी लावल्याने काय होते?

हेअरवुडला आम्हाला विशेष वाटले ते हे, की या घराने हा इतिहास लपवलेला नाही. वेस्ट इंडीजच्या व्यवहाराची जुनी कागदपत्रे त्यांच्याच घरात सापडली. ती आज यॉर्क विद्यापीठाच्या बॉर्थविक अभिलेखागारात आहेत, अभ्यासक ती पाहू शकतात. सध्याचे अर्ल डेव्हिड लॅसेल्स हे गुलामांच्या मालकांच्या वंशजांनी २०२३ मध्ये स्थापन केलेल्या 'हेअर्स ऑफ स्लेव्हरी' या गटाच्या संस्थापकांपैकी आहेत. आमचा पैसा कुठून आला, हे ते उघड सांगतात.

आमचा मित्र यावर चिडला. "दादा, यांना बोलायला काय लागते? वाडा यांचाच, बाग यांचीच, तिकीटही यांचेच. पश्चात्ताप बघायला पण आपणच पैसे भरायचे?"

त्याचे म्हणणे चुकीचे नाही. या घराण्याकडे बार्बाडोसमधले मळे विसाव्या शतकातही बराच काळ होते. कबुलीने जमीन परत जात नाही. भरपाईचा प्रश्न कॅरिबियन देशांनी २०१३ पासून एकत्रितपणे मांडला आहे आणि ब्रिटिश सरकार त्याला दाद देत नाही. पाटी म्हणजे न्याय नव्हे, हे आम्हालाही मान्य आहे.

पण आम्ही त्याला विचारले, तुझ्या गावातल्या पाटलाच्या गढीवर अशी पाटी आहे का? तो हसला.

आपल्याकडचे वाडे, गढ्या, राजवाडे आठवा. कोणत्या राजाने, कोणत्या सरदाराने, कोणत्या साली बांधले ते लिहिलेले असते. दगड कोणी वाहिले, चुना कोणी मळला, वेठीला कोण होते, मेलेले ढोर कोणी ओढले, याबद्दल एक ओळ आम्ही कुठे पाहिलेली नाही. उलट कोणी हे बोलले की लगेच ऐकायला मिळते, "जुने कशाला उकरता? आता कुठे राहिली जात?" हेअरवुडमध्ये ज्यांनी उकरले ते मालकाचेच वंशज. आपल्याकडे मालकाच्या वंशजांनी उकरायचे तर सोडाच, आपण उकरले तरी भावना दुखावतात. पाटी म्हणजे न्याय नाही, पण जिथे पाटीसुद्धा लागत नाही तिथे न्यायाची मागणी सुरू तरी कुठून करणार?

आडनाव

डेव्हिड हेअरवुड हे ब्रिटनमधले नावाजलेले कृष्णवर्णीय अभिनेते. त्यांचे आडनाव हेअरवुड का? कारण त्यांचे पूर्वज बार्बाडोसमध्ये याच अर्लचे गुलाम होते. मालकाच्या इस्टेटीचे नाव त्यांच्या अंगाला चिकटले आणि पिढ्यानपिढ्या राहिले. २०२३ मध्ये त्यांचे मोठे छायाचित्र या वाड्यात लावण्यात आले. ज्या वाड्यात मालकांची चित्रे आहेत, तिथे लागले.

आडनावाचा हा विषय निघाल्यावर आमच्या मित्राने एक अनुभव सांगितला. लीड्समध्ये आल्यावर तो भाड्याच्या घरात खोली शोधत होता. महाराष्ट्रातल्याच काही मुलांनी घर घेतले होते, एक खोली रिकामी होती. फोनवर सगळे ठरले. मग एकाने विचारले, "पूर्ण नाव काय म्हणालास?" याने सांगितले. "तुमचे गाव कोणते? तिकडे कोणते देवस्थान?" दुसऱ्या दिवशी निरोप आला, खोली दिली गेली. आठवडाभर ती खोली रिकामीच होती, हे त्याला नंतर कळले. तक्रार कुठे करायची, हे त्याला माहीत नव्हते.

ज्या देशात गुलामगिरीच्या इतिहासावर पाट्या लागतात, तिथे जातीच्या भेदभावाबद्दल काय आहे? २०१० च्या समानता कायद्यात जातीचा समावेश करण्याची सोय ठेवली होती. २०१३ मध्ये संसदेने तो समावेश सरकारला बंधनकारक केला. आणि जुलै २०१८ मध्ये सरकारने जाहीर केले की वेगळी तरतूद करणार नाही, न्यायालयीन निकालांवर सोडून देऊ. तिकडच्या आपल्या बांधवांनी अनेक वर्षे लढून संसदेपर्यंत नेलेली गोष्ट सरकारने अशी सोडून दिली. त्यामागे सवर्ण हिंदू संघटनांचा विरोध होता, हे लपून राहिलेले नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या अन्यायावर बोलणे सोपे असते, कारण त्यातला पीडित समोर खोली मागायला उभा नसतो.

बागेतला स्तूप

शेवटी एक गोष्ट सांगायची राहिली. वाड्याच्या बागेत, ओढ्याच्या बाजूला हिमालयीन झाडांची बाग आहे आणि तिथे एक स्तूप आहे. पांढरा, भूतानमधून आलेल्या भिक्खूंनी २००४ मध्ये बांधलेला. आम्हाला याची कल्पना नव्हती. यॉर्कशायरच्या थंडीत समोर स्तूप दिसल्यावर आमचे हात आपोआप जोडले गेले. आम्ही त्रिसरण म्हटले.

मग आम्ही तिथे बराच वेळ बसलो. कारण मनात प्रश्न आला. भगवान बुद्धांनी उपासकांना पाच व्यापार वर्ज्य सांगितले आहेत. शस्त्रांचा, प्राण्यांचा म्हणजे जिवंत सत्त्वांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. अंगुत्तर निकायात ही यादी आहे, आणि सत्त्वांच्या व्यापारात माणसांची खरेदी-विक्री येते. लॅसेल्स घराण्याचे वैभव नेमके माणसांच्या आणि रमच्या व्यापारावर उभे राहिले. तिथे स्तूप असावा का?

आमच्यात दोन मते पडली. एक जण म्हणाले, हे पाप धुण्यासाठी आहे, गंगेत बुडी मारण्यासारखे. दुसरे म्हणाले, स्तूप कोणाच्या जमिनीवर आहे यापेक्षा तिथे बसून आपण काय विचार करतो हे महत्त्वाचे. आमचे मत असे, की धम्मात पाप धुण्याची सोय नाही. कर्म केले ते केले, त्याचा परिणाम दिसत राहतो. पुढे काय करायचे एवढेच हातात असते. शांततेसाठी स्तूप बांधणे चांगलेच. पण सम्यक आजीविकेचा प्रश्न स्तूप बांधून सुटत नाही, तो पैशाच्या हिशेबाने सुटतो. हे हेअरवुडला जसे लागू आहे तसे आपल्यालाही आहे. आपल्यातल्या काहींच्या बंगल्यात मोठी बुद्धमूर्ती असते आणि घरकामाला येणाऱ्या बाईला कप वेगळा असतो, हेही आम्ही पाहिले आहे.

आपण काय करायचे?

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिले आणि ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉईस यांना पत्र लिहिले. आपल्या माणसांनी जगातल्या गुलामांशी नाते फार आधी जोडले आहे. ते पुढे न्यायचे तर परदेशात जाऊन नुसते फोटो काढून चालणार नाही.

आमची सूचना साधी आहे. दरवर्षी जयंतीला गावोगाव वर्गणी जमते. त्यातला मोठा भाग डीजे आणि लाइटिंगवर जातो. त्यातले थोडे पैसे बाजूला काढा. आपल्या गावातले ऐंशी वर्षांचे आजोबा, आजी अजून आहेत. त्यांना विचारा, वतनाची कामे कोणती होती, कोणाच्या वाड्यावर जायचे, बलुते किती मिळायचे, कोणी नाकारले तर काय व्हायचे. मोबाइलमध्ये आवाज साठवा. तलाठी कार्यालयात, तहसीलमध्ये जाऊन आपल्या वतनी जमिनीचे जुने फेरफार काढा. १९५८ नंतर ती जमीन कोणाच्या नावावर गेली, रक्कम कोणी भरली, भरता आली नाही म्हणून कोणाची सुटली, हे लिहून काढा. माहिती अधिकार आहे, तो वापरा. शिकलेल्या पोरांनी हे काम करावे.

हेअरवुडच्या मालकाला मिळालेल्या भरपाईची वहीत नोंद झाली, म्हणून आज १,२७७ हा आकडा तरी सांगता येतो. आपल्याकडची वही आपल्याच आजीच्या डोक्यात आहे. ती गेली की वही गेली.

परत येताना बसमध्ये आमचा मित्र बराच वेळ गप्प होता. लीड्स जवळ आल्यावर म्हणाला, "आजी एकोणऐंशीची आहे. सुट्टीत गेलो की रेकॉर्ड करतो." आम्ही म्हटले, सुट्टीपर्यंत कशाला थांबतोस, आज रात्रीच फोन लाव.

जय भीम! नमो बुद्धाय!